सुधारून वाढवलेली आवृत्ती

गेल्या श्रावणात माझे धावण्याचे घड्याळ वारले. 'वारले' म्हणताना थोडी अतिशयोक्ती होते, हे मान्य. पण सात वर्षे जे रोज पहाटे मनगटाला बिलगून होते आणि ज्याने माझ्या छातीचे ठोके माझ्या डॉक्टरांपेक्षा कितीतरी अधिक वेळा मोजले, त्याच्याविषयी 'बंद पडले' असा कोरडा शब्दप्रयोग माझ्याने होत नाही. मरण सावकाश आले. आधी पट्ट्याचे एक टोक तुटले. ते सुतळीने बांधून वर्षभर चालवले. मग काचेखाली बाष्प धरू लागले. शेवटी बॅटरीने मान टाकली. घरातून शंभर टक्के भरून निघावे, नरपड मागे टाकावे आणि चिखल्याच्या वळणावर पडदा काळा व्हावा, असे आठवडाभर चालले. सात वर्षांत बॅटरी थकते, यात कोणाचा दोष नाही. माझे गुडघेही त्याच वाटेवर आहेत.

'सर, आता अपग्रेडच करून टाका,' असे दुकानातल्या मुलाने सांगितले आणि तो शब्द डोक्यात घोळवतच मी घरी आलो. मराठीत त्याला काय म्हणावे? उन्नयन म्हटले तर साधकाची आठवण होते आणि बढती म्हटले तर कारकुनाची. आपल्या, म्हणजे पुस्तकवाल्यांच्या, व्यवहारात मात्र त्यासाठी एक नामी शब्द पूर्वीपासून आहे: सुधारून वाढवलेली आवृत्ती. अशा आवृत्तीत काय असते, हे ज्यांनी अभ्यासक्रमासाठी पुस्तके लावली आहेत त्यांना सांगायला नको. नवी प्रस्तावना असते, दोन परिशिष्टे असतात, किंमत दुप्पट असते आणि पहिल्या आवृत्तीतले मुद्रणदोष निष्ठेने जपलेले असतात. घड्याळांच्या बाबतीतही मी हाच प्रश्न घेऊन बसलो. वाढवले काय, ते जाहिरातीत दिसत होते, सुधारले काय?

माझ्या धावण्याचा भूगोल आधी सांगायला हवा. मी डहाणूला राहतो आणि तालुक्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. आठवड्यातले चार दिवस डहाणू-बोर्डी रस्ता हे माझे मैदान. डाव्या हाताला समुद्र, कधी दिसणारा, कधी सुरूंच्या आडून केवळ ऐकू येणारा. उजव्या हाताला चिकूच्या वाड्या. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेला घोलवडचा चिकू तो हाच. रविवारी थोडी चैन म्हणून बोर्डीहून तलासरीकडे वळणारा झरीचा रस्ता धरतो. तिथे समुद्राची हवा संपते, जमीन उंचसखल होते, साग सुरू होतो आणि पाड्यापाड्यांवरून चुलीचा धूर येऊ लागतो.

आता, जीपीएस नावाच्या व्यवस्थेला या भूगोलाचे वावडे आहे. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून उपग्रह सतत एकच गोष्ट सांगत असतात: माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजले आहेत आणि मी इथे आहे. निदान चार उपग्रहांचे हे सांगणे ऐकून मनगटावरचे यंत्र स्वतःची जागा ठरवते. म्हणजे ही मुळात कालमापनाची व्यवस्था. अंतर हे तिचे उपफल. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जांश भागात तीस सेंटिमीटर जातो, तेव्हा घड्याळ एवढेसे चुकले तरी पाऊल वाकडे पडते. उपग्रहांवरची आण्विक घड्याळे सापेक्षतावादाच्या नियमांमुळे पृथ्वीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि ती दुरुस्ती केली नाही तर दिवसभरात दहा किलोमीटरहून अधिक चूक साठेल. आइन्स्टाइनच्या हिशेबाशिवाय मला चिखल्याचे वळण सापडले नसते, ही कल्पना मला आजही रोमांचक वाटते. मराठीच्या प्राध्यापकाला एवढे रोमांच पुरतात.

पण इतका प्रवास करून आलेला तो क्षीण संदेश चिकूच्या दाट, सदैव हिरव्या पानांत अडखळतो. पाने ओली असली तर अधिकच. पाणी या लहरी शोषून घेते. काही संदेश भिंतींवरून, टेकडीच्या कड्यावरून उसळून वाकड्या वाटेने पोचतात आणि घड्याळ त्यांनाही खरे मानते. माझ्या जुन्या घड्याळाच्या नकाशात मी कित्येकदा समुद्रावरून धावलो आहे. एका जुलैत तर घोलवडच्या एका वाडीत मी कुंपणे ओलांडत, विहिरीवरून, एका घराच्या छपरावरून गेलो, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. उन्हाळ्यात सागाची पाने गळून गेली की झरीच्या रस्त्यावरची माझी रेघ सरळ होई, आषाढात पुन्हा भरकटे. सात वर्षांच्या त्या रेघा एकाखाली एक लावल्या तर अरण्याचे ऋतुचक्र वाचता येईल, असे मी एकदा वर्गात बोलून गेलो. मुलांनी ते वहीत उतरवून घेतले. परीक्षेला येईल असे वाटले असावे.

तेव्हा नवे घड्याळ घ्यायचे ते या एका गुणावर, असे ठरवले. तीन नावे शिल्लक राहिली. गार्मिनचे २०२४ मध्ये आलेले फोररनर १६५ हलके, पडदा झळझळीत, पण उपग्रहांची एकच वारंवारिता ऐकणारे. त्याच घराण्यातले २०२३ चे फोररनर २६५ दोन वारंवारिता ऐकते. किमतीची उडीही त्याच प्रमाणात. तिसरे कोरोसचे पेस ३, तेही २०२३ चे, तेही दोन वारंवारितांचे. पडदा साधा, उन्हात वाचता येणारा, कापडी पट्ट्यासह वजन जेमतेम तीस ग्रॅम, आणि उपग्रह चालू ठेवून ३८ तास पुरेल असा बॅटरीबाबत निर्मात्यांचा दावा. दुसऱ्या वारंवारितेवरचे सांकेतिक ठोके दहापट जलद असतात, त्यामुळे सरळ आलेला संदेश आणि उसळून आलेला संदेश यांतला फरक यंत्राला अधिक नीट कळतो. खरी सुधारणा ती एवढीच. बाकी झोपेचे गुण, ताणाचे गुण, 'आज आपण धावण्यास सिद्ध आहात काय' याविषयीचा सकाळचा अभिप्राय, ही सगळी परिशिष्टे. पंचवीस हजारांपासून पन्नास हजारांपर्यंतच्या या वस्तूंची कोष्टके मी दोन आठवडे तयार करत होतो. पत्नीचे म्हणणे असे, की तेवढ्या वेळात प्रबंधाचे एक प्रकरण झाले असते.

छातीचे ठोके मोजण्याला मी परिशिष्ट म्हटले नाही, त्याला कारण आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात जमीन हादरू लागली, हे वाचकांना आठवत असेल. धुंदलवाडीच्या परिसरात धक्क्यांमागून धक्के, लहान पण न संपणारे. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवशी घाबरून बाहेर पळताना पडून दोन वर्षांची एक मुलगी दगावली. लोक तंबूत झोपू लागले, काही शाळा झाडाखाली भरू लागल्या. त्या काळात सकाळी उठून मी घड्याळातला रात्रीच्या ठोक्यांचा आलेख पाहत असे. पन्नास-बावन्नवर शांत वाहणारी रेघ मध्येच एखाद्या ठिकाणी काट्यासारखी उभी राहिलेली असे. काही वेळा मला धक्का आठवतही नसे. शरीराने तो माझ्या नकळत नोंदवलेला असे. तज्ज्ञांनी या भागात भूकंपमापके बसवली, आणि त्या यंत्रांनाही बिनचूक वेळ मिळते ती याच उपग्रहांकडून. एकाच आकाशातल्या घड्याळाला जमिनीचे आणि माझे असे दोन ठोके लावून दिलेले होते. माझ्या आलेखाला शास्त्रीय किंमत शून्य, हे मला ठाऊक आहे. तरी ती पाने मी पुसलेली नाहीत.

हे सगळे चालू असताना, म्हणजे कोष्टके पुरी होऊन पैसे द्यायचे तेवढे शिल्लक असताना, दोन गोष्टी घडल्या. त्यांतली पहिली हलकीफुलकी आहे.

झरीच्या रस्त्यावर पहाटे मला दहा-बारा मुले धावताना भेटतात. पोलीस भरतीची तयारी. मुलांसाठी १६०० मीटर, मुलींसाठी ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. पन्नास गुणांची ती चाचणी म्हणजे या भागातल्या शेकडो घरांचा एकमेव दरवाजा आहे. त्यांच्यातला एक माझ्या तृतीय वर्षाच्या वर्गात बसतो. वर्गात तो खिडकीबाहेर पाहतो. रस्त्यावर मी त्याची पाठ पाहतो, तीही फार वेळ नाही. त्यांनी रस्त्यावर चुन्याच्या दोन खुणा केल्या होत्या, एक किलोमीटरच्या दगडापाशी आणि दुसरी एका चिंचेजवळ. या दोन खुणांमध्ये बरोबर १६०० मीटर आहेत, हा त्यांचा सिद्धान्त. 'सर, तुमच्या घड्याळात बघा ना.' त्या वेळी घड्याळात धुगधुगी होती. मी धावलो: १.५७ किलोमीटर. परत आलो: १.६१. मुले गंभीर झाली. तीस-चाळीस मीटर म्हणजे सात-आठ सेकंद, आणि तेवढ्याने गुण बदलतात.

'तुम्ही मोजले कसे?' मी विचारले.

'सायकलने, सर. चाकाच्या तारेला फडके बांधले आणि फेरे मोजले. एका फेऱ्याला किती जाते ते शाळेच्या व्हरांड्यात टेप लावून बघितले होते.'

मी त्यांना सांगितले, की तुमची खूण बरोबर आहे आणि माझे घड्याळ चूक आहे. त्यांचा विश्वास बसला नाही. एवढी महागाची वस्तू चुकते कशी? पण जगातल्या प्रत्येक अधिकृत मॅरेथॉनचा मार्ग आजही सायकलनेच मोजतात. पुढच्या चाकाला फेरे मोजणारे एक छोटे यंत्र, त्याला जोन्स काउंटर म्हणतात. पोलादी फितीने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर आधी ती सायकल पारखून घेतात, मग वळणावळणाला सर्वांत जवळची वाट धरून मार्ग मोजतात, आणि तो चुकूनही कमी भरू नये म्हणून हजारात एक या प्रमाणात वाढवतात. ४२.१९५ किलोमीटरला ४२ मीटर जास्त. उपग्रह-घड्याळाची साक्ष तिथे ग्राह्य धरत नाहीत. मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये अंतिम रेषेपाशी 'माझ्या घड्याळात पाचशे मीटर जास्त आले' म्हणून आयोजकांवर करवादणारे लोक मी पाहिले आहेत. एके काळी मीही त्यांच्यातलाच होतो. तारेला फडके बांधणारी ही मुले मात्र, कोणी न शिकवता, नेमक्या त्या पद्धतीपाशी पोचली होती. माझ्या कोष्टकांकडे त्या दिवशी मी जरा वेगळ्या नजरेने पाहिले.

दुसरी गोष्ट एवढी हलकी नाही.

सप्टेंबरमधली एक सकाळ. मुख्य रस्ता सोडून एका पाड्याच्या बाजूने गेलेल्या पायवाटेवर मी उभा होतो, आणि घड्याळाला उपग्रह सापडावेत म्हणून हात वर धरला होता. मरणासन्न यंत्राला तसा आधार द्यावा लागे. बांधावर एक म्हातारी गवताचा भारा बांधत होती. तिने मला बराच वेळ निरखले आणि विचारले, 'मोजणीला आलास का?'

इकडच्या बोलीत लहानथोरांना एकेरीच हाक असते. तिच्या स्वरात उद्धटपणा नव्हता. पण मैत्रीही नव्हती. मी धावायला आलो आहे, हे मी सांगितले. ते तिला पटले नाही. पन्नाशीचा बाप्या पहाटे चड्डी घालून कोणाच्या मागे किंवा कोणाच्या पुढे न धावता नुसताच धावतो आणि मध्येच थांबून हातातले यंत्र आकाशाला दाखवतो, यापेक्षा तो मोजणीवाला आहे, ही उपपत्ती किती तरी तर्कशुद्ध होती. गेल्या काही वर्षांत इथे जी माणसे यंत्रे घेऊन आली, ती मोजायलाच आली. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनची मोजणी झाली, द्रुतगती महामार्गाची झाली. किनाऱ्यावर वाढवण बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला झाले, त्याआधी आणि नंतर तिथेही सर्वेक्षणे आणि त्यांना विरोध. मोजणी अडवण्यासाठी माणसे शेतात बसल्याच्या बातम्या पालघर जिल्ह्यात नव्या नाहीत. हात वर करून उभा राहिलेला मनुष्य कोणत्या रेघेची सुरुवात आहे, हे विचारण्याचा त्या म्हातारीला पुरता अधिकार होता. मी घड्याळ खिशात घातले आणि उरलेले अंतर तसेच, मापाविना, धावलो. खरे सांगायचे तर फार वाईट धावलो.

हा प्रसंग मी वर्गातल्या त्या मुलाला सांगितला, गंमत म्हणून. तो हसला नाही. म्हणाला, 'सर, आमच्याकडे तर उलटे आहे. आम्हाला मोजून पाहिजे.'

त्याच्या बापाच्या कसवणुकीतला एक तुकडा वनजमिनीचा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली त्यांनी दावा केला होता. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जी जमीन प्रत्यक्ष कसत होते, तिच्यावरचा हक्क, चार हेक्टरांच्या मर्यादेत, मान्य करावा, असे तो कायदा सांगतो. दावा मंजूर झाला, कागद मिळाला. कागदावर आकडा होता ०.२८ हेक्टर. बापाचे म्हणणे, जमीन एकराला थोडी कमी आहे. ०.२८ हेक्टर म्हणजे जेमतेम अठ्ठावीस गुंठे. एकराचे गुंठे चाळीस. मोजणी झाली ती हातात धरायच्या जीपीएस यंत्राने, बांधावरून एक फेरी मारून. दिवस पावसाळ्याचे होते, असे मुलगा म्हणाला. 'तुमचे घड्याळ पण जीपीएसच ना, सर?'

मी गेलो. ओढ्याच्या काठाने उतरत गेलेला, वाकड्या बांधांचा तो तुकडा. दोन बाजूंना साग, एका बाजूला मोहाची तीन झाडे. पीक नागलीचे. बाप पुढे, मुलगा मध्ये, मी शेवटी, अशी आमची प्रदक्षिणा निघाली. 'मास्तर, दगडाला शिवून चाल,' असे तो मला प्रत्येक कोपऱ्यावर सांगत होता. घरी येऊन ती रेघ संगणकावर बंद केली आणि क्षेत्रफळ काढले: तेहेतीस गुंठे. दुसऱ्या फेरीचे काढले: सदतीस.

त्या रात्री मी कागद घेऊन बसलो. शेत चौकोनी आणि बरोबर एक एकर धरा. बाजू येते साडेत्रेसष्ट मीटर. आता यंत्राने चारही बाजूंना रेघ केवळ तीन मीटर आत ओढली, तर सात गुंठे गेले. सगळे शेतच्या शेत तीन मीटर पूर्वेला सरकले तर क्षेत्रफळ बदलत नाही. एका ठिकाणी रेघ आत आणि दुसऱ्या ठिकाणी बाहेर गेली तर हिशेब बराचसा फिटतो. पण ज्या बाजूला झाडी दाट, त्याच बाजूला ती भरकटते, आणि अशा वेळी फिटाफिटीवर विसंबता येत नाही. मी समुद्रावरून धावलो, छपरावरून धावलो, हे विनोद मी सात वर्षे सांगत आलो होतो. त्या विनोदांतल्या भरकटण्याचे माप दोन-पाच मीटरच तर होते.

गुंठा हे माप कसे आले, तेही त्या रात्री पुन्हा आठवले. तेहेतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. साखळीगुणिले साखळी म्हणजे गुंठा. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याची जमीन याच साखळीने मोजली गेली. तेहेतीस फूट म्हणजे सुमारे दहा मीटर. ती साखळी ओढणारा माणूस झाडाखाली गेला म्हणून साखळी लांब होत नसे. तिची बेइमानी माणसाच्या हातात असे, पानांच्या नव्हे. अर्थात तेवढी पुरेशी होती, हेही खरे. याच झरीला २३ मे १९४५ ला वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगार करायची नाही असे ठरले. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० च्या पुस्तकात तो सगळा इतिहास आहे. आपण ते पुस्तक आत्मकथनांच्या यादीत घालून शिकवतो, चळवळीचे वाङ्मय म्हणून शिकवतो. मीही शिकवले आहे. पण त्या पुस्तकात गावांची जी नावे येतात, ती माझ्या रविवारच्या धावण्यातले पाणी पिण्याचे थांबे आहेत, ही गोष्ट माझ्या व्याख्यानात कधी आली नव्हती. आणि मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर शेतकरी चालत आले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत वनहक्काचे पडून राहिलेले दावे अग्रभागी होते. पायांचे फोड सगळ्यांनी छायाचित्रांत पाहिले. १८० किलोमीटर म्हणजे माझ्या कोष्टकात दीड महिना.

रेघेविषयी आणखी एक आठवण सांगतो. विषयांतर वाटले तर वाटो. गंजाडजवळच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे (पद्मश्री २०११, निधन २०१८) यांची चित्रे २००३ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताबरोबर मांडली गेली होती. लाँग हे चालण्यातून कलाकृती करणारे. १९६७ मध्ये, विद्यार्थी असतानाच, गवतावर पुन्हा पुन्हा एकाच वाटेने ये-जा करून त्यांनी एक सरळ रेघ उमटवली आणि तिचे छायाचित्र काढले. म्हसे यांच्या चित्रात रेघ फारशी सरळ नसते. तारप्याभोवतीचा नाच शंखासारखा वळत जातो, आणि चौकोन राखून ठेवलेला असतो तो लग्नाच्या चौकासाठी, देवीसाठी. शेताला ते चौकोनाचे रूप सहसा लाभत नाही. ते ओढ्याच्या मर्जीने वळते. त्या मुलाच्या बापाच्या शेताची माझ्या पडद्यावरची आकृती मी पाहिली, तेव्हा आधी हे चित्र आठवले आणि लगेच त्याची लाज वाटली. अठ्ठावीस की छत्तीस, एवढाच तिथला प्रश्न होता.

मुलाला मी जे सांगितले ते असे. माझ्या घड्याळाचा आकडा कोणीही पुरावा म्हणून घेणार नाही, आणि घेऊही नये. ज्याला १६०० मीटर धड मोजता येत नाहीत, त्याने एकराविषयी बोलू नये. दोन फेऱ्यांत चार गुंठ्यांचा फरक पडला, यावरूनच समज. शिवाय कागदावर कमी भरले, त्याचे कारण यंत्रच असेल असेही नाही. ओढ्याकाठची पट्टी मोजणाऱ्यांनी कदाचित जाणूनच सोडली असेल. दाद मागण्याची कायद्यातली मुदत साठ दिवसांची आणि कागदावरची तारीख काही वर्षांपूर्वीची. त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, 'पण सर, दोन्ही वेळा कागदापेक्षा जास्तच आले ना?'

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. बापाला पुनर्मोजणीचा अर्ज करायचा आहे, आणि अर्जात 'जास्त आहे' एवढे लिहायला त्याला धीर हवा आहे, हे मला उशिरा कळले.

घड्याळ मी शेवटी तीनांतले सर्वांत हलके, साध्या पडद्याचे घेतले. दोन वारंवारिता ऐकणारे. निवडीच्या वेळी मनात चिकूच्या वाड्या होत्या, साग होता, आणि ओढ्याकाठचा तो वाकडा तुकडाही होता, हे नाकारत नाही. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुन्हा फेरी मारली. या वेळी सायकलचे चाकही बरोबर होते, फडके बांधलेले, मुलाचे दोन मित्र ते बांधावरून ढकलत आणि मोठ्याने फेरे मोजत येत होते. बाप पुढे. नव्या घड्याळाने पहिल्या फेरीला पस्तीस गुंठे सांगितले, दुसऱ्या फेरीला साडेछत्तीस. चाकाचा हिशेब अर्ध्यात मोडला, कारण ओढ्याच्या उतारावर मित्रांत आकड्यावरून भांडण जुंपले.

मी बापाला दोन्ही आकडे सांगितले आणि मोहाच्या झाडांखाली रेघ अजूनही थोडी आत जाते आहे, हेही दाखवले. त्याने वर पाहिले. सागाची पाने अजून पुष्कळ होती. होळीच्या सुमारास सगळी गळतात, तेव्हा ये, म्हणाला. तोपर्यंत तो बांधावरचे दगड पांढरे करून ठेवणार आहे.